तिजोरी, आग आणि वेळेचे गणित

तिजोरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चोर उभा राहतो. जड दार, दुहेरी कुलूप, कमरेला खोचलेली किल्ली हे सारे त्याच्यासाठी. आग मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक चोराने नेलेल्या वस्तूचा निदान पंचनामा तरी होतो, क्वचित ती परतही मिळते. आग जे नेते ते राखेच्या रूपानेच परत करते.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात लोखंडी कपाट असते आणि त्यात एक चोरकप्पा असतो. जमिनीचे खरेदीखत, मुलांच्या गुणपत्रिका, आईच्या पाटल्या, आजोबांची पत्रे, लग्नातले फोटो आणि अलीकडे एखादा पेनड्राइव्ह, अशी सगळी मंडळी तेथे दाटीवाटीने नांदत असतात. ‘लोखंडात आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ ही आपली श्रद्धा. या श्रद्धेत तथ्य किती, आगीपासून राखण करणारी तिजोरी नेमके काय करते आणि तिची आतली मांडणी कशी असावी, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

हा विषय कलाशाखेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. इतिहास लिहिला जातो तो उरलेल्या कागदांवरून, आणि कागद उरणे न उरणे हे पुष्कळदा ते कशात ठेवले होते यावर अवलंबून असते. मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. तीत पाच माणसे दगावली आणि अनेक विभागांच्या फायली जळाल्या. एवढ्या मोठ्या कार्यालयाची ही गत, तर आपल्या माजघरातील कपाटाची काय कथा!

या विषयात मी शिरलो तो माझ्या मामांमुळे. ते सिंधुदुर्गात शेती करतात. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील एकनळी बंदूक आहे. बंदूक, परवाना आणि घरचे कागद एकाच ठिकाणी नीट ठेवता यावेत म्हणून त्यांना तिजोरी घ्यायची होती. आगीचे काय, असे मी विचारताच ते हसून म्हणाले, “लोखंडाक खंयची आग लागतली रे?” त्यांच्या प्रश्नाला उत्तर देता देता हा लेख तयार झाला.

लोखंड जळत नाही, पण तापते

मामांचे म्हणणे अर्धे खरे आहे. घरगुती आगीत लोखंडी कपाट जळत नाही. पण लोखंड हे उष्णतेचे चांगले वाहक आहे. आपण तवा लोखंडाचा करतो तो याच गुणामुळे. खोलीतील सामानाने एकदा पेट घेतला आणि सगळीकडे भडका उडाला, की छताजवळचे तपमान सहाशे अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा खोलीत साधे पत्र्याचे कपाट म्हणजे चारी बाजूंनी तापलेला तवाच. कागद सुमारे २३० अंशांच्या आसपास पेट घेतो, आणि त्याच्या पुष्कळ आधी तो तपकिरी होऊन कडकडीत होतो. म्हणजे ज्वाळा आत शिरण्याचीसुद्धा गरज नाही. कपाट बंद असतानाच आतला कागद भाजून निघतो.

सोन्याची गोष्ट वेगळी. ते १०६४ अंशांना वितळते, आणि वितळले तरी सोनेच राहते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र भरलेली असताना आग लागली आणि पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. जळता कापूस आसपासच्या वस्तीवर पडून आगी पसरल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ. त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटाने त्या दूरवर उडाल्या, आणि पुढे अनेक वर्षे गोदीचा गाळ काढताना सापडत राहिल्या. कागदाच्या बाबतीत अशी आशा कोणी धरू नये.

सॅलमँडर नावाची तिजोरी

आगीसाठी वेगळी तिजोरी हवी, हा धडा जगाने मोठी किंमत देऊन घेतला आहे. १६ डिसेंबर १८३५ च्या रात्री न्यूयॉर्क शहराच्या व्यापारी भागात आग लागली. थंडी इतकी कडाक्याची होती की नदीचे पाणी गोठले होते आणि बंबांच्या नळ्यांतही बर्फ होत होता. सुमारे सातशे इमारती खाक झाल्या. व्यापाऱ्यांनी आपली खतावणी आणि रोखे लोखंडी पेट्यांत ठेवले होते. बहुतेक पेट्यांतून नंतर कोळसाच निघाला.

त्यानंतर कारागिरांनी लोखंडाच्या दोन भिंती करून मधल्या पोकळीत काय भरावे याचा शोध सुरू केला. १८४३ साली डॅनियल फिट्झेराल्ड याने पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले आणि सायलस हेरिंग या कारखानदाराने त्या पद्धतीच्या तिजोऱ्या बाजारात आणल्या. त्यांचे नाव ‘सॅलमँडर’. आगीत राहूनही न जळणारा एक काल्पनिक प्राणी युरोपीय दंतकथांत आहे, त्याच्यावरून हे नाव पडले.

पातेल्यातले पाणी

प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये असे काय आहे? मूर्तिकार ते पाण्यात कालवतात तेव्हा ते घट्ट होऊन त्याचे जिप्सम बनते. हाताला जिप्सम अगदी कोरडे लागते, पण त्याच्या वजनाचा सुमारे एकपंचमांश भाग पाणी असतो. हे पाणी स्फटिकात बांधलेले असते आणि तपमान शंभर अंशांच्या पुढे सरकू लागले की सुटून त्याची वाफ होते.

यातील मर्म स्वयंपाकघरातले आहे. पातेल्यात पाणी आहे तोवर भात करपत नाही. पाणी आटले की वास सुटतो. कारण चुलीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि तोपर्यंत पातेले शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. तिजोरीच्या भिंतीत जिप्सम हेच करते. हिशेब मांडून पाहा. शंभर किलो जिप्सममध्ये एकवीस किलो पाणी. त्याची वाफ करण्यास जितकी उष्णता लागते तितक्या उष्णतेत दीडशे लिटर पाणी, म्हणजे दहा मोठ्या बादल्या, उकळीला आणता येईल. एवढी उष्णता आतल्या कागदांकडे न जाता भिंतीतच जिरते.

पण पाणी कधीतरी आटणारच. म्हणून ‘अग्निरोधक’ या शब्दाचा अर्थ ‘कधीही न जळणारी’ असा घेऊ नये. तिजोरी आगीला हरवत नाही, ती वेळ काढते. अर्धा तास, एक तास, दोन तास. तेवढ्यात आग आटोक्यात आली तर आपण जिंकलो.

दाराच्या फटीचाही विचार करावा लागतो, कारण भिंत कितीही जाड असली तरी गरम हवा फटीतून आत शिरते. चांगल्या तिजोरीत दाराच्या कडेने एक पट्टी बसवलेली असते. ती एरवी बारीक असते. ताप लागला की अनेक पटींनी फुगून फट बुजवते.

पट्टीवर काय लिहिले आहे?

अमेरिकेत १८९४ साली स्थापन झालेली अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही संस्था तिजोऱ्यांची परीक्षा घेते. तिजोरी भट्टीत ठेवतात. एका तासाच्या परीक्षेत भट्टीचे तपमान ९२७ अंशांपर्यंत चढवतात. कागदासाठीच्या तिजोरीचे आतील तपमान या काळात १७७ अंशांवर जाता कामा नये. आणखी एका परीक्षेत तापलेली तिजोरी तीस फूट उंचीवरून दगडविटांच्या ढिगावर टाकतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. कारण आगीत मजला कोसळला तर तिजोरीही खाली येते. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ५५० हे मानक आहे. घेताना नुसते ‘फायरप्रूफ’ या शब्दावर भाळू नये. कोणत्या संस्थेची परीक्षा, किती मिनिटे, बाहेर किती तपमान आणि आत किती, हे चार प्रश्न विचारावेत.

अमेरिकेत पुष्कळ घरांतून बंदुकांची उंच तिजोरी असते, तिच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच लागते. यांपैकी अनेक तिजोऱ्यांवर जी पट्टी असते ती चोरीच्या परीक्षेची असते: एका माणसाने साध्या हत्यारांनी पाच मिनिटे झटापट केली तरी दार उघडू नये, एवढीच तिची हमी. आगीचा दावा वेगळा, तो पुष्कळदा कारखानदाराने आपल्या पसंतीच्या परीक्षेवरून केलेला. आत पाहिले तर आपण फॉल्स सीलिंगला वापरतो तशाच जिप्समच्या फळ्या एकावर एक बसवलेल्या असतात. किती थर आहेत आणि दारातही आहेत का, हे पाहणे शहाणपणाचे.

कोणाला किती सोसवते

आता मुख्य मुद्दा. तिजोरी एकच असली तरी आतल्या वस्तूंची सोशिकता सारखी नसते, आणि आतली मांडणी करायची ती या सोशिकतेवरून.

कागदाची मर्यादा १७७ अंश धरली आहे, हे वर आलेच. फोटोच्या फिल्म आणि ध्वनिफिती यांची मर्यादा अवघी ६६ अंश, तर संगणकाच्या चकत्यांची ५२ अंश. म्हणजे जी तिजोरी कागद उत्तम राखील तीच ध्वनिफितीचा गोळा करून ठेवील. आपल्या महाविद्यालयातील अनेकांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या, भारुडे, वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्यांनी हा आकडा विसरू नये. अशा वस्तूंसाठी तिजोरीच्या आत आणखी एक जाड भिंतींची, खास त्यासाठीच बनवलेली पेटी ठेवावी लागते. आणि त्याहून सोपा उपाय म्हणजे दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवणे.

प्लास्टिकचे पाकीट आणि लॅमिनेशन यांचा मोह टाळावा. कागद ज्या तपमानाला शाबूत राहतो त्या तपमानाला प्लास्टिक मऊ होऊन त्याला चिकटते. या बाबतीत आपले पूर्वज शहाणे होते. पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत घट्ट बांधून ठेवलेले असत. घट्ट गठ्ठ्यात हवा खेळत नाही, त्यामुळे कडा करपल्या तरी आतले कागद पुष्कळदा वाचतात. म्हणून कागद सुती कापडात बांधावेत आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत. डबा अशासाठी की आगीत जिप्सममधून सुटलेली वाफ तिजोरीच्या आतही येते आणि सारे ओलेचिंब करते. जुने फोटो तर ओल आणि उष्णता एकत्र आली की एकमेकांना चिकटतात. दोहोंमध्ये साधा कोरा कागद घालावा. मोती आगीत टिकत नाहीत, आणि हिऱ्यावरसुद्धा पांढुरकी झाक येते. सोन्याचांदीला मात्र सर्वांत वाईट जागा दिली तरी चालेल.

वाईट जागा कोणती? वरची. उष्णता वर चढते, म्हणून तिजोरीचा वरचा खण आधी तापतो. आपण नेमके उलटे करतो: कागद वर, दागिने खाली.

मामांच्या तिजोरीची मांडणी

मामांनी दुहेरी भिंतीची, जिप्सम भरलेली तिजोरी घेतली. ती साडेतीन फूट उंच. बंदूक सुमारे चार फूट लांब, ती उभी राहीना. पण एकनळी बंदुकीची नळी आणि दस्ता वेगळे करता येतात. तसे केले की लांब भागही अडीच फुटांत बसतो, आणि बंदूक चटकन वापरण्याजोगी राहत नाही हा आणखी एक फायदा.

गावच्या सुताराकडून आम्ही सागवानी पट्ट्यांचा एक सुटा सांगाडा करून घेतला. सुटा अशासाठी की तिजोरीच्या भिंतीला खिळा किंवा स्क्रू मारला की जिप्समच्या थराला भोक पडते, आणि लोखंडी स्क्रू उष्णतेला आत यायला वाट करून देतो. आत दिवा बसवण्यासाठी तारेचे भोक पाडणेही याच कारणाने नको. डाव्या हाताला उभा खण ठेवून त्याच्या खोबणींना बनात लावली, म्हणजे नळीला ओरखडा येत नाही. उजवीकडे तीन आडवे कप्पे: तळाशी कागदांचे डबे, मध्ये फोटो, वर दागिने. कप्पे आणि भिंत यांत बोटभर अंतर सोडले. फोम किंवा स्पंज कोठेही वापरला नाही, कारण तो वितळून धूर करतो. दाराच्या आतल्या बाजूस सर्व वस्तूंची यादी लावली आणि यादीची एक प्रत माझ्याकडे ठेवली.

काडतुसे तिजोरीत ठेवली नाहीत. सुटे काडतूस आगीत फुटते तेव्हा गोळी बंदुकीतून सुटल्यासारखी जात नाही, कवच फाटते. पण भरलेली बंदूक तापली तर गोळी नळीतूनच बाहेर पडते आणि समोर आग विझवणारा माणूस असू शकतो. म्हणून बंदूक नेहमी रिकामीच ठेवावी. ठासणीच्या बंदुकीची सुटी दारू तर बंद तिजोरीत कदापि ठेवू नये. चारी बाजूंनी मजबूत पेटीत दारू पेटली की तिचा बाँब होतो. अमेरिकेत दारूच्या पेटीची एक बाजू मुद्दाम कच्ची ठेवतात, ती दाब निघून जावा म्हणून. शस्त्र सांभाळण्याची जबाबदारी शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाची असते, तेव्हा परवान्यावरील अटी आधी वाचाव्यात. आगीत सापडलेली बंदूक वरून धड दिसली तरी तापल्यामुळे तिच्या पोलादाचे आणि स्प्रिंगांचे पाणी उतरलेले असू शकते. जाणकाराने तपासल्याशिवाय ती वापरू नये.

तिजोरी तळमजल्यावर, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली, स्वयंपाकघर आणि गॅसचे सिलिंडर यांपासून दूर.

रोजचा शत्रू: ओल

आग आयुष्यात एखादे वेळी येते, पावसाळा दरवर्षी येतो. जिप्सममधील ओलावा आणि घट्ट बंद दार यांमुळे अशा तिजोरीत दमटपणा साठतो. कोकणात तर विचारायलाच नको. नळीला गंज आणि कागदाला बुरशी, हे दोन्ही ठरलेले. उपाय साधे आहेत. सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावल्या की तापवून पुन्हा वापराव्यात. उघडीप असेल त्या दिवशी दार तासभर उघडे ठेवावे. नळीवर तेलाचा हलका हात फिरवावा. बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते.

आग विझल्यावर

आग विझली की पहिली इच्छा होते ती तिजोरी उघडून पाहण्याची. ती आवरावी. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि पाठोपाठ शहर जळाले. बँकांच्या तिजोऱ्या इतक्या तापल्या होत्या की त्या उघडण्यास कित्येक दिवस थांबावे लागले. आतला तापलेला कागद हवेअभावी पेटलेला नसतो; दार उघडून हवा आत गेली की तो भपकन पेटतो. ए. पी. जियानिनी या छोट्या बँकवाल्याने आग पोचण्याआधीच आपली रोकड भाजीच्या गाडीतून, संत्र्यांखाली लपवून बाहेर काढली होती. इतरांच्या तिजोऱ्या थंड होण्याची वाट पाहिली जात असताना त्याने धक्क्यावर उघड्यावर बसून कर्जे दिली. तेव्हा तिजोरी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे आणि उघडताना अग्निशमन दलाचा माणूस जवळ असावा.

आत काय ठेवावे

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिजोरीतील जागा थोडी असते. ती कोणाला द्यावी? आज सात-बाराचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा संगणकावर मिळतो, अनेक गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये पाहता येतात, नोंदवलेल्या खरेदीखताची नक्कल निबंधकाच्या कार्यालयातून काढता येते. यांसाठी हेलपाटे पडतील, पण ते पुन्हा मिळतील. आजीने आजोबांना लिहिलेले पत्र, पणजोबांची वही, मृत माणसाचा आवाज असलेली ध्वनिफीत यांची नक्कल कोणत्याच कचेरीत नाही. तळाचा, सर्वांत थंड कप्पा त्यांचा. माझ्या या म्हणण्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मामीच्या वडिलांची पत्रे माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून आणली.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याच पट्टीवर लिहिलेली नसते. आग लागलेल्या घरातून सुखरूप बाहेर पडलेली माणसे कागदांची पिशवी, दागिन्यांचा डबा आणण्यासाठी पुन्हा आत धावतात, आणि त्यांतली काही परत येत नाहीत. सारे काही ठरल्या जागी, योग्य कप्प्यात, बंद दाराआड आहे हे ठाऊक असले की मागे वळण्याचे कारण उरत नाही. तिजोरी जो तासभर वेळ काढते तो कागदांसाठी तर आहेच, पण त्याआधी तो माणसांनी दाराबाहेर पडावे, १०१ वर कळवावे आणि बाहेरच थांबावे यासाठी आहे. येत्या सुटीत घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या कपाटाचा वरचा कप्पा एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती.